कातळ हाच देव

देवाचं ध्यान धरायचं तर आपल्याकडे आधी रूप डोळ्यांपुढे आणतात. हात किती, हातांत काय, वाहन कोणतं, डाव्या अंगाला कोण उभं. मग नाम, मग गुण, मग चरित्र. आज ज्याचं मनन करायचं आहे त्याच्या बाबतीत ही वाट पहिल्याच पायरीला अडते. अश्शूर हा प्राचीन असिरियन लोकांचा मुख्य देव. त्याला मुळात आईबाप नव्हते, बायको नव्हती, आणि देवळाच्या ओट्यावर बसून सांगावी अशी एकही गोष्ट नव्हती. होतं ते एक ठिकाण. त्या ठिकाणाचं नावही अश्शूरच.

नाव ऐकून पुराणातल्या असुरांकडे मन धावेल. धावू द्या आणि परत आणा. ती वाट आज आपली नाही.

तर रूप राहू द्या, जागेपासून सुरुवात करू. इराकमधल्या मोसूलच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर, तैग्रिसच्या पश्चिम काठाला, आजच्या शिरकात गावाजवळ कातळाचं एक टोक नदीकडे पुढे आलेलं आहे. पूर्वेला नदीचा मुख्य प्रवाह. उत्तरेला नदीचा जुना फाटा वळसा घालून जायचा. दोन्ही बाजूंना खाली पाणी आणि वर उभा कडा. पश्चिमेला मात्र जमीन मोकळी, तिथे पुढे तट बांधावा लागला. पावसाचं म्हणाल तर नुसत्या पावसावर धान्य पिकतं त्या पट्ट्याची ही जवळजवळ शेवटची हद्द. एखादं वर्ष चांगलं जातं, एखाद्या वर्षी पेरलेलं परत मिळत नाही.

आता या कड्यावरून सगळं उतरवा. तट नको, बुरूज नको, देऊळ नको, माणसंही नकोत. नुसता कातळ आणि खालून जाणारं पाणी एवढंच ठेवा. इथे घाई करू नका. पुढे जे येणार आहे त्यात सैन्यं आहेत, जाळपोळ आहे, टनभर सोनं आहे. त्याआधी हे टोक मनात पक्कं बसायला हवं. नदी वळते तिथे एक उंच जागा आहे. खालून जाणारा वर बघतो. वर चढलेल्याला लांबवरचं दिसतं. याहून जास्त काही नाही, आणि कोणाला तरी एवढंच देव वाटायला पुरलं.

डब्ल्यू. जी. लँबर्ट हे तिथल्या कीलाकार लिपीचे आणि या देवांचे मोठे अभ्यासक. त्यांनी 1983 साली हेच मांडलं: अश्शूर म्हणजे या जागेलाच आलेलं देवपण. जुने लेखनिक मातीच्या पाट्यांवर नाव लिहिताना देवाच्या नावाआधी देवाची खूण घालत आणि गावाच्या नावाला जागेची. अश्शूरच्या बाबतीत जुन्या पाट्यांत या खुणांची सरमिसळ होते. चूक म्हणून ती सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. लिहिणाऱ्याला फरक करायची गरजच भासली नसावी.

शेजारच्या देवांशी हे ताडून बघा. सिन चंद्र आहे, शमाश सूर्य आहे, अदाद वादळ-पाऊस आणतो, इश्तारकडे प्रेम आणि युद्ध दोन्ही. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि प्रत्येकाची देवळं गावोगाव. अश्शूर काय करतो? स्वतःला हे विचारा आणि उत्तर चटकन देऊ नका. तो पाऊस पाडत नाही, उजेड देत नाही. तो तिथे आहे. एका छोट्या अपवादाचं पुढे बघू, पण त्याचं मोठं देऊळही त्याच गावात आणि ते एकच. गुणांची यादी करायची सवय असलेल्या मनाला हे जड जातं, ते तसंच जड राहू द्या.

इ.स.पू. विसाव्या शतकात एरिशुम नावाच्या राजाने इथे अश्शूरचं देऊळ बांधलं. आपल्या लेखात तो म्हणतो की भिंतींच्या गाऱ्यात तूप आणि मध कालवला. याच लेखात तो सोनं, चांदी, तांबं, कथील, धान्य, लोकर यांचा व्यापार मोकळा केल्याचं सांगतो, अगदी कोंड्या-भुशापर्यंत. तूप-मधाची भिंत आणि मोकळा बाजार एकाच लेखात. राजा म्हणालो खरं, पण तो स्वतःला राजा म्हणवत नसे. राजा अश्शूर, आणि हा त्याचा कारभारी. कित्येक शतकांनंतरही नव्या राजाच्या राज्याभिषेकात मिरवणुकीपुढे पुकारा व्हायचा तो राजा अश्शूर आहे असाच. ज्याच्या डोक्यावर मुकुट चढणार त्याच्याच कानांवर हे घालायचं.

या जागेवर मन ठरलं असेल तर आता जागा सोडून लांब जाऊ, कारण तिथला माणूस लांब जातच होता. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात अश्शूरचे व्यापारी गाढवांचे तांडे घेऊन आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशला जात. अंतर हजार किलोमीटरच्या घरात. एका गाढवावर साधारण 65 किलो कथील, वर कापडाचे गठ्ठे. कापड बरंचसं घरच्या बायकांनी विणलेलं. परतीला चांदी-सोनं. कानेशच्या टेकाडात या लोकांच्या वीस हजारांहून जास्त पाट्या सापडल्या: पत्रं, पावत्या, कर्जाचे कागद, कज्जे. घराच्या गावाला ते त्यांत नाव घेऊन बोलावतही नाहीत. नुसतं ‘शहर’ म्हणतात. शहर एकच.

त्यांचा देव तर जागा आहे, मग हजार किलोमीटरवर त्याचं काय? तिथे ते त्याचा खंजीर ठेवत. साक्ष द्यायची, शपथ घ्यायची, तर अश्शूरच्या खंजिरासमोर. वाहन नाही, परिवार नाही, पण एक आयुध सापडलं. आणि त्याचा उपयोग हिशेबात कोण खरं बोलतो हे ठरवायला.

या पाट्यांमधलं एक पत्र मुद्दाम हातात घ्या. तळहातावर मावावी एवढी पाटी, खिळ्यासारख्या खुणांनी दोन्ही बाजूंना भरलेली. गावातल्या दोन बायकांनी इमदी-इलुम नावाच्या बड्या व्यापाऱ्याला लिहिलेलं ते पत्र आहे. भावार्थ असा: इथे आम्ही स्वप्नं सांगणाऱ्या बायकांना विचारतो, शकुन बघणाऱ्यांना विचारतो, पितरांना विचारतो, आणि अश्शूर तुला पुन्हा पुन्हा बजावतो आहे की तुझा जीव पैशात अडकलाय, स्वतःच्या जिवाची तुला पर्वा नाही. गावात येऊन अश्शूरचं ऐकत का नाहीस? चार हजार वर्षांमागच्या या पत्रात देव कोणाच्या बाजूने बोलतो ते नीट बघा. घर सोडून गेलेल्या माणसाला तो परत बोलावतो. जागेचा देव आणखी काय सांगणार?

थोडं थांबा, आणि मग पुढच्या शतकांत या.

बर्लिनच्या पश्चिम आशियाई संग्रहालयात अश्शूरच्या इश्तार-मंदिरातून आलेला एक दगडी चौथरा आहे, उंची फार तर 60 सेंटिमीटर. इ.स.पू. तेराव्या शतकातला राजा तुकुल्ती-निनुर्ता पहिला त्यावर दोनदा कोरलेला आहे. पहिल्यांदा तो उभा आहे, एका हाताचं बोट पुढे केलेलं. लगेच पुढे तोच राजा, तेच बोट, पण गुडघे टेकलेले. दोघांचं तोंड एका चौथऱ्याकडे, आणि तो कोरलेला चौथरा हुबेहूब या खऱ्या चौथऱ्यासारखाच. त्यावर मूर्ती नाही. एक उभी चौकट आहे, मधोमध काठीसारखी रेघ. कोणी ती लिहायची पाटी आणि लेखणी मानतं, कोणी दार. खालच्या लेखात नाव येतं ते नुस्कूचं. हा नुस्कू म्हणजे देवांचा वजीर, राजाची प्रार्थना रोज अश्शूरपुढे मांडणारा. म्हणजे राजा अश्शूरपर्यंत पोचलेलाच नाही. त्याचा निरोप पोचवणाऱ्यापुढे तो गुडघे टेकतो आहे.

उभा राजा आणि वाकलेला राजा या दोघांमध्ये जी पोकळी आहे तिथे नजर ठेवा. शिल्पकाराने हालचाल दाखवायचा दुसरा मार्ग न शोधता माणूसच दोनदा कोरला. मधलं वाकणं बघणाऱ्याने स्वतः करायचं.

आणि हाच राजा पुढे काय करतो? नदीपलीकडे, तीनेक किलोमीटर वर, स्वतःच्या नावाचं नवं शहर वसवतो आणि तिथे अश्शूरसाठी नवं देऊळ बांधतो. मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. जागाच देव असलेल्या देवाला जागा बदलायला सांगण्यासारखं हे झालं. शेवटी मुलाने बंड करून त्याला त्याच शहरात कोंडलं आणि मारलं. देव जुन्या कातळावरच राहिला. यातून देवाचा कोप वगैरे काढायची गरज नाही. राजधानी पुढे निमरूदला गेली, मग दूर-शर्रुकीनला, मग निनवेला. पुढच्या राजांनी महाल हलवले, अश्शूरला मात्र हात लावला नाही. कित्येक राजांना पुरायलाही अश्शूरलाच आणत.

मला स्वतःला या देवाची ओळख सगळ्यात चांगली पटते ती मडक्यांत. 1903 ते 1914 या काळात वॉल्टर आंद्रे आणि त्यांच्या जर्मन मंडळींनी हे शहर खणलं. देवळाजवळ त्यांना पाट्यांनी भरलेली मडकी मिळाली. इ.स.पू. 1100 च्या आसपासचा, तिग्लथ-पिलेसर पहिला याच्या काळातला हा देवळाच्या कोठीचा हिशेब. एझ्बु-लेशीर नावाचा कोठावळा तो सांभाळत होता. राज्यातल्या प्रांताप्रांतातून अश्शूरच्या रोजच्या नैवेद्याचा शिधा यायचा. जिन्नस चारच: जव, तीळ, मध आणि फळं. कोणी किती दिलं, कोणाची बाकी राहिली, सगळं टिपलेलं.

बाकी राहिली, हे दोनदा वाचा. ज्या राजाची सैन्यं भूमध्य समुद्रापर्यंत पोचली त्याच्या राज्यात देवाच्या तिळाची थकबाकी निघते आणि कोणीतरी ती मुकाट्याने पाटीवर चढवतो. आकडेही डोळे दिपवणारे नाहीत. एवढ्या मोठ्या देवळाचं पोट भरायला एक सुपीक प्रांत पुरला असता. पण सगळ्यांकडून यायला हवं होतं. अश्शूर देवाला हलवता येत नाही. तेव्हा मुलूखच थोडाथोडा करून त्याच्यापुढे आणायचा. या बाजूच्या डोंगरातला मध, त्या खोऱ्यातले तीळ, आणि खाणारा एकच कातळ. असिरियाचं साम्राज्य म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं चित्र हे आहे. महालांच्या भिंतींवरचे सिंह नंतर.

इथवर मनन गोड चाललं आहे. आता ते कडू होणार, आणि तिथून उठून जायचं नाही.

याच देवाच्या आज्ञेने राजा अशुरनासिरपाल दुसरा बंडखोरांची कातडी सोलून काढतो आणि ती शहराच्या भिंतीवर पसरतो. हे शत्रूने केलेले आरोप नाहीत, त्याने स्वतः दगडात कोरून सांगितलेलं आहे, अभिमानाने. ‘अश्शूरच्या आज्ञेने’ हे शब्द असिरियन राजांच्या लेखांत सुरुवातीलाच येतात आणि त्यांच्यामागून गावं जळत जातात. जागेच्या साध्या देवाला पुढे राजांनी वापरून घेतलं, असं म्हणून मोकळं होता येईल. ते फार सोयीचं आहे. तिळाचा शिधा ज्या वाटांनी यायचा त्या वाटा सैन्यानेच उघडलेल्या होत्या.

इ.स.पू. 714 मध्ये राजा सार्गोन दुसरा उत्तरेच्या उरार्तू राज्यावर चालून गेला. परतल्यावर त्याने विजयाची हकिगत लिहवून घेतली ती पत्राच्या रूपात. पत्र कोणाला? अश्शूर देवाला. मग त्याच्या देवळातल्या देव-देवतांना, मग शहराला आणि तिथल्या लोकांना. आधी सगळ्यांची खुशाली, नंतर आपली. 430 ओळींची ती मोठी पाटी आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. त्यात मुसासिर हे डोंगरातलं देवस्थान लुटल्याचं वर्णन येतं: एका टनाहून जास्त सोनं, पाचेक टन चांदी, आणि तिथल्या हाल्दी देवाची मूर्ती. पत्राच्या शेवटी आपल्या बाजूचे मेलेले मोजलेले आहेत. एक रथी, दोन घोडेस्वार, तीन इतर शिपाई.

एक, दोन, तीन. डोंगर ओलांडून गेलेल्या एवढ्या सैन्यात सहा मेले, हे खरं असणं कठीण. हा हिशेब साच्यातला आहे, देवाला ऐकवण्यासाठी बेतलेला. पण कागदावर का होईना, गावच्या देवाला आणि गावातल्या लोकांना राजाला सांगावं लागतं की तुमचे किती परत आले नाहीत. पलीकडचे किती, ते मोजायचं कारणच नाही. ते अश्शूरचे नव्हते. या दोन वाक्यांवर जितका वेळ बसता येईल तितका बसा. नऊ वर्षांनी सार्गोन स्वतः रणात मेला आणि त्याचं प्रेत हाती लागलं नाही. ज्या घराण्यात राजे मरून अश्शूरला परत यायचे त्यातला हा एक आलाच नाही.

त्याचा मुलगा सेन्नाखेरिब. याने इ.स.पू. 689 मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त केलं. देवळं पाडली, कालव्यांचं पाणी शहरावर सोडलं, मग अश्शूरच्या तटाबाहेर नववर्षाच्या उत्सवासाठी एक देवघर बांधलं. बाबिलोनचा देव मार्दूक याची जी सृष्टीकथा होती ती अश्शूरच्या नावावर चढवली: तियामत या आदिसर्पिणीला मारणारा वीर आता अश्शूर. देवघराच्या दारावर हे युद्ध चितारल्याचंही तो लिहितो. बायको याआधीच मिळालेली होती, मुल्लिस्सू. आता वंशही मिळाला, पराक्रमही मिळाला. ज्या देवाला एकही गोष्ट नव्हती त्याला एकदम जगाच्या उत्पत्तीची गोष्ट, आणि तीही उसनी. हे मला त्याच्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत केविलवाणं पान वाटतं, कातडी सोलण्याइतकं क्रूर नसलं तरी.

पण याच देवघराबद्दल सेन्नाखेरिब आणखी एक गोष्ट सांगतो. बाबिलोनची माती उचलून आणली आणि इथे ठेवली. अश्शूरचं मन शांत व्हावं म्हणून.

माती. सोनं नेलं, मूर्ती नेली, तरी समाधान झालं नाही. जागेच्या देवाला दुसऱ्या देवाची जागा आणून द्यायची होती, आणि जागा आणायची म्हटली तर हाताशी येते ती मातीच. त्या राजाला आपला देव काय आहे हे उसन्या कथेपेक्षा या मातीत जास्त नेमकं कळलं होतं, आणि त्या कळण्यातून त्याने हे केलं. आंद्रेंनी देवघराचा चौक खणला तेव्हा कातळात ओळीने खोदलेले खड्डे निघाले, झाडं लावायचे. बाहेरून आणलेली माती भरल्याशिवाय तिथे मूळ धरणार नव्हतं.

इ.स.पू. 614 मध्ये मीड लोकांनी अश्शूर घेतलं. मदतीला निघालेला बाबिलोनचा राजा नबोपोलासर लढाई संपल्यावर पोचला, असं बाबिलोनचीच बखर सांगते. दोन वर्षांनी निनवेही पडलं. देऊळ गेलं, राज्य गेलं. इथे बहुतेक पुस्तकं प्रकरण संपवतात.

पुढची शतकं एकामागून एक जाऊ द्या. इराणी सम्राट आले, अलेक्झांडर येऊन गेला, त्याच्या सरदारांची राज्यं झाली, मग पार्थियन आले. पार्थियन अमलात या कातळावर पुन्हा गाव नांदतं होतं, आणि जुन्या देवळाच्या जागीच नवं देऊळ उभं होतं. त्याच्या फरसबंदीवर लोकांनी अरामी लिपीत नावं कोरलेली आहेत. काही लेखांवर सालं आहेत, इ.स. 200 ते 228 च्या दरम्यानची. देव तोच, उच्चार अस्सोर. सोबतीला शेरुआ, जुन्या काळापासूनची त्याच्या परिवारातली देवी. अमुक अमुक याची अस्सोरसमोर आठवण राहो, एवढंच मागणं. जिंकू दे नाही, पिकू दे नाही. कोरणाऱ्यांपैकी काहींच्या स्वतःच्या नावांतही देवाचं नाव गुंफलेलं आहे, पूर्वी राजांच्या नावांत असायचं तसं. शहर पडून तेव्हा आठशे वर्षं होऊन गेली होती. सेन्नाखेरिबने चढवलेली कथा त्यांतल्या कोणाला ठाऊक होती की नाही, त्या दगडांवर तिचा मागमूस नाही.

पुढे तिसऱ्या शतकातच सासानी राजांच्या हातून हे गावही मोडलं.

मार्दूकची मूर्ती अश्शूरला नेलेली होती, ती इ.स.पू. 668 मध्ये वाजतगाजत बाबिलोनला परत गेली. नेलेला देव परत आणता येतो. जागेचं तसं नाही. 2003 साली युनेस्कोने अश्शूरला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही टाकलं, कारण खालच्या अंगाला मखूल धरण बांधायचं ठरलं होतं आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी इथवर येणार होतं. युद्धामुळे काम थांबलं, 2021 मध्ये योजना पुन्हा पुढे आली. चौथरा बर्लिनला आहे, सार्गोनचं पत्र पॅरिसला, दोन्ही सुखरूप. आता कड्यावर परत या आणि विचार करा, यांतलं काय परत आणलं म्हणजे अश्शूर परत आणला असं होईल.